तोमोयाला निवृत्त करण्यात येत आहे

माझा भाऊ निवृत्त झाला ही बातमी मला दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाकडून कळली असती तर एकवेळ चाललं असतं. पण तसं झालं नाही. तो निवृत्त झाला तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसले होते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि त्या बापड्याला स्वतःला मात्र ते दुसऱ्या दिवशी कळलं.

मी सुमिए. ताकाओका गावच्या जुन्या बाजारपेठेत आमचं वडिलांपासूनचं मांसाचं दुकान आहे. नाव मांसाचं, पण चालतं ते कोरोक्क्यांवर. उकडलेला बटाटा, खिमा, वरून पावाचा चुरा आणि कढईभर उकळतं तेल. लग्न मी केलं नाही, कारण कढई सोडून जायला फुरसत झाली नाही. आई-वडील गेल्यावर तोमोयाला मीच वाढवला, आणि वाढवून काय केलं, तर मार खायला पाठवला.

तोमोया मिश्र मार्शल आर्टचा खेळाडू. म्हणजे ठोसे चालतात, लाथा चालतात, खाली पाडून गळा आवळलेलाही चालतो. समोरच्याने हाताने थोपटलं की 'हरलो, सोड' असा अर्थ, आणि मग सोडायचं. या धंद्यात तो तेविसाव्या वर्षी पडला आणि सदतिसाव्या वर्षापर्यंत पडतच राहिला. चौदा लढती जिंकल्या, सतरा हरल्या. त्या चौदातल्याही दोन समोरचा वजनात न बसल्यामुळे.

लढतीआधी वजन उतरवायचं असलं की हा प्लास्टिकचा अंगरखा चढवून माझ्या कढईशेजारी उभा राहायचा. घाम निथळतोय, समोर गरमागरम कोरोक्क्यांचा ढीग, आणि एकाला हात लावायची सोय नाही. गिऱ्हाइकं विचारायची, "धाकट्याची तब्येत बरी नाही का?" मी म्हणायचे, "तब्येत ठणठणीत आहे हो. करिअर चाललंय."

आता एवढं हरणाऱ्या माणसाला कोण विचारतं? आमच्या गावात विचारतात. तोमोया ओकी समर्थक मंडळ आहे आमच्याकडे. अध्यक्ष इझुमिदा शेठ, घंटांचा कारखाना. देवळाच्या मोठ्या घंटा, घरातल्या देव्हाऱ्यातल्या छोट्या घंटा, पिढ्यान्‌पिढ्या तेच. मग नोगामी डॉक्टर, दातांचे. मग तोमी काकू, त्या कामाबोको करतात, म्हणजे माशाच्या वाटणाचे रंगीत साचेबंद गोळे. आमच्याकडे लग्नात ते 'ताई' नावाच्या मोठ्ठ्या माशाच्या आकाराचे वाटल्याशिवाय लग्न झालं असं कुणी मानत नाही. आणि अंत्यविधीचं सगळं बघणारे एक गृहस्थ, जे प्रत्येक लढतीला पहिल्या रांगेत बसायचे. मला ते कधीच बरं वाटलं नाही.

या सगळ्यांच्या जाहिराती तोमोयाच्या चड्डीवर. उजव्या मांडीवर दात, डाव्या मांडीवर अंत्यविधी, पुढे कामाबोको, आणि मागे, बरोब्बर बसायच्या जागी, इझुमिदा घंटा. ती जागा शेठनी स्वतः निवडली होती. "हा पोरगा बहुतेक वेळा तोंडावर पडतो," ते म्हणाले होते, "म्हणजे कॅमेऱ्याला मागचीच बाजू दिसणार." धंद्याची अक्कल म्हणतात ती ही.

तर त्या हिवाळ्यात तोमोया सतरावी लढत हरला. जबड्यावर लाथ बसली. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे सांत्वनाचं जेवण. जिंकला तरी मंडळ जेवतं, पण हरल्यावरचं जेवण जास्त रंगतं, कारण सल्ले देता येतात. हिवाळ्यातल्या 'बुरी' नावाच्या माशाचं गरम कढण उकळत होतं, मंडळी भुरके मारत होती, आणि तोमोया समोरच्या वाटीकडे नुसता बघत होता. नोगामी डॉक्टरांनी सकाळीच जबडा तपासून बजावलं होतं, आठवडाभर तोंड उघडायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही.

शेठनी आपला पेला खाली ठेवला आणि विचारलं, "तोमोया, पुढे काय ठरवलंयस?"

तोमोया गप्प. बोलणार कुठून? उत्तर देता येत नाही म्हणून त्याने माफी मागायला मान खाली घातली. मान खाली घातल्यावर जबड्यात कळ आली. कळ आली म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

आमच्याकडे प्रश्नाला उत्तर म्हणून माणूस गप्प बसला की तो 'नाही' म्हणाला, असं धरतात. मान खाली घालून गप्प बसला की काहीतरी फार मोठं म्हणाला. त्यात डोळ्यांत पाणी असेल तर विषयच संपला. शहाण्या माणसाने पुढे विचारायचं नसतं, ओळखायचं असतं. आणि आमच्या मंडळात सगळेच शहाणे.

"समजलं," शेठ घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काही बोलू नकोस."

सगळ्यात आधी रडले ते नोगामी डॉक्टर. ज्याने बोलू नको म्हणून सांगितलं, तोच.

"अहो, त्याचा जबडा सुजलाय," मी म्हटलं.

तोमी काकूंनी माझ्या हातावर थोपटलं. "सुमिए, तू धीर सोडू नकोस. तुलाच त्याला सावरायचंय आता."

तोमोयाला वाटलं ही मंडळी आपल्या पराभवासाठी रडतायत. इतकं प्रेम पाहून तो आणखी खाली वाकला, पार चटईला कपाळ टेकवलं. जी काही शंका उरली होती ती तिथे मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा बटाट्यांचं पोतं खांद्यावर घेऊन आला तर बाजारपेठेच्या तोंडाशी कापडी फलक. 'तोमोया ओकी, इतकी वर्षं कष्ट घेतलेत, आता विसावा घ्या. आपली बाजारपेठ.' त्याने पोतं खाली ठेवलं. फलकाकडे बोट केलं, मग स्वतःकडे केलं.

"हो, तूच," मी म्हटलं. "दुसरा कुठला ओकी आहे इथे?"

आठवड्याने जबडा उघडला आणि पहिलं वाक्य आलं ते हेच, "ताई, मला निवृत्त व्हायचं नाहीये."

"मग जा आणि सांग."

"कसं सांगू? शेठ रडले होते."

"रडू दे की. पुसले असतील आत्तापर्यंत डोळे."

"सगळ्यांसमोर रडले, ताई. आता मी जाऊन म्हटलं की तसं काही नव्हतं, तर त्यांनी तोंड कुठे लपवायचं?"

आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत वेड्यात काढण्यापेक्षा लोक स्वतःचं आयुष्य गुंडाळून ठेवणं पसंत करतात. माझा भाऊ त्यातलाच. रिंगणात याला कुणी लाथ मारली तर हा उलट लाथ मारायचा, पण रस्त्यात कुणी पायावर पाय दिला तर हाच माफी मागायचा.

पण त्या दिवशी तो दुकानातून हलला नाही. बटाटे सोलत बसला. मग खालच्या मानेनेच म्हणाला, "ताई, मला आत्ता कुठे कळायला लागलंय."

"काय कळायला लागलंय?"

"गळा. इतकी वर्षं मी ओढायचो. जोर लावायचो. आता कळलं की ओढायचं नसतं. थांबायचं. समोरचा धडपडतो आणि स्वतःच मान आणून देतो. गेल्या लढतीत मला ते दिसलं होतं, अगदी दिसलं होतं. तेवढ्यात लाथ बसली."

मी हसणार होते. पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आलं नाही. त्याचं तोंड उजळलं होतं. सदतीस वर्षांचा घोडा, नाक दोनदा मोडलेलं, कान फुलकोबीसारखे झालेले, आणि बटाटा हातात धरून कुठेतरी लांब बघत होता. मला दया नाही आली त्याची. हेवा वाटला. माझ्या आयुष्यात मला असं काही आत्ता कुठे कळायला लागलंय, असं मी कधी म्हटलेलं नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "चल कारखान्यात. मी येते बरोबर."

कोरोक्क्यांचा डबा भरून घेतला, कारण रिकाम्या हाताने कुणाकडे वाईट बातमी न्यायची नसते. वाटेत त्याच्या कोचला, सेराला, गाठलं. म्हटलं, तुम्ही बोला, तुमचं वजन आहे. सेरा कोच पायाखाली बघत म्हणाला, "सुमिएताई, व्यायामशाळेतल्या नवीन गाद्या मंडळाने दिल्यात. त्याच गाद्यांवर उभा राहून मी शेठना कसं सांगू?"

"गाद्यांवरून खाली उतरून सांगा," मी म्हटलं. तो आला नाही.

कारखान्यात पोचलो तर दारातच धग. आत भट्टी पेटलेली. चार म्हातारे कारागीर टोप्या काढून साच्याभोवती उभे होते आणि शेठ जुना कामाचा अंगरखा घालून स्वतः हजर. आम्हाला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला पुढचं सगळं तिथेच कळून चुकलं.

"आलास," ते तोमोयाला म्हणाले. "ओतायच्या वेळीच आलास. याला योग म्हणतात."

खेळाडू निवृत्त होतो तेव्हा रिंगणात त्याला मध्ये उभं करतात, दिवे मंद करतात आणि घंटेचे दहा टोल देतात. हॉल उभा राहतो, माना खाली घालतो. दहावा टोल पडला की माणूस संपला. म्हणजे खेळाडू म्हणून. टोलांनंतर परत येणं म्हणजे श्राद्धाचं जेवण होऊन गेल्यावर मयताने दार ठोठावणं. एरवी त्यासाठी रिंगणाशेजारची साधी टणटण घंटा वापरतात. शेठच्या डोक्यात आलं होतं की आपल्या गावच्या खेळाडूला आपल्या गावची घंटा हवी. खास निवृत्तीसाठी घडवलेली, देवळातल्या घंटेच्या आवाजाची. एकदा लोकांनी ऐकली की देशभरातल्या स्पर्धांमधून मागणी येईल. हल्ली घराघरांतून देव्हारे उठले, छोट्या घंटा कुणी घेत नाही. पण निवृत्त काय, लोक होतच राहतात.

साच्याच्या आतल्या बाजूला उलटी अक्षरं कोरली होती. तोमोया ओकी.

"शेठ," तोमोयाने तोंड उघडलं, "मला एक सांगायचं होतं."

"काही बोलू नकोस," शेठ म्हणाले. "ओतताना बोलायचं नसतं."

वितळलेलं कांसं लालभडक धारेने साच्यात उतरलं. चारी म्हाताऱ्यांचे चेहरे त्या उजेडात लहान पोरांसारखे दिसत होते. शेवटचा थेंब पडल्यावर त्यातला एकजण तोमोयाजवळ आला, वाकला आणि म्हणाला, "तुमच्यामुळे भट्टी पेटली. मला वाटलं होतं, मरायच्या आधी परत पेटत नाही ती."

मी तोमोयाकडे पाहिलं. गेला, म्हटलं मनात. हा आता बोलत नाही. मग मीच पुढे झाले.

"शेठ, स्पष्टच सांगते. त्याला अजून खेळायचंय. त्या दिवशी तो निवृत्त वगैरे काही झाला नव्हता, जबडा दुखत होता त्याचा."

शेठनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला चीड आली. "सुमिएबाई, बहीण आहात तुम्ही. तुम्हाला असं वाटणारच. मोठ्या भावाला मी असाच सोडायला तयार नव्हतो." त्यांचा मोठा भाऊ वारलेला होता.

कोरोक्के सगळ्यांनी मिळून खाल्ले. छान झालेत म्हणाले.

परत येताना तोमोयाने एवढंच विचारलं, "समारंभात लढत ठेवलीय ना?"

लढत होती. टोलांच्या आधी एक मैत्रीची लढत ठेवायची पद्धत आहे. तीन मिनिटं, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, हलके हलके ठोसे मारायचे आणि शेवटी मिठी. शेठनी आपलं वजन वापरून टोकियोहून काझुमाला बोलावलं होतं. काझुमा बावीस वर्षांचा, चंदेरी रंगवलेले केस, वजनी गटाचा विजेता, आजवर एकही लढत हरलेला नाही. तो येणार म्हणून वर्तमानपत्रवाले येणार, आणि वर्तमानपत्रवाले येणार म्हणून उपमहापौर.

"ताई," तोमोया म्हणाला, "त्याला खराखुरा हरवला तर? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर? मग घंटा कोण वाजवेल?"

मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं. तोंडाने सांगून कळत नसेल तर डोळ्यांना तरी दिसेल, इतका साधा विचार होता आमचा. मला आणखी एक वाटलं होतं, की काझुमाला हरवणं याला बापजन्मात जमणार नाही. पण ते मी बोलले नाही.

त्यानंतर त्याने जी मेहनत घेतली ती पाहून बाजारपेठेला गलबलून आलं. पहाटे बर्फातून धावायला निघाला की लोक खिडकीतून म्हणायचे, निवृत्त होतानासुद्धा किती प्रामाणिक. कढईशेजारी घाम गाळायला उभा राहिला तर तोमी काकू पदराने, म्हणजे त्यांच्या त्या पांढऱ्या एप्रनने, डोळे टिपायच्या. "सवय जाता जात नाही ग," म्हणायच्या. त्याने काहीही केलं तरी तो निवृत्तच होत होता.

समारंभ वसंतात, पालिकेच्या क्रीडागृहात. प्रत्येक खुर्चीवर तोमी काकूंनी केलेला लाल-पांढरा कामाबोको, ठोशाच्या हातमोज्याच्या आकाराचा. रिंगणाशेजारी लाल कापडावर घंटा. हातभर उंच, चकचकीत, आणि तिच्यावर माझ्या भावाचं नाव. जिवंत माणसाचं नाव असं धातूवर बघायला मला आवडलं नाही, पण दिसत देखणी होती, हे कबूल करावं लागेल.

भाषणं झाली. उपमहापौर म्हणाले, "ओकींच्या पडण्यातून आपण उठायला शिकलो." नोगामी डॉक्टर म्हणाले की इतक्या मोकळ्या मनाने दात गमावणारा रुग्ण त्यांनी पाहिला नाही. अंत्यविधीवाल्यांनी थोडक्यात आटोपलं. मग शेठनी जाहीर केलं की नऊ टोल कारखान्याचे कारागीर आळीपाळीने देतील आणि दहावा, शेवटचा, घरच्या माणसाच्या हातून. म्हणजे माझ्या. मला आधी कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतंच, ओळखायचं असतं.

मी तोमोयाच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन उभी होते, त्यामुळे पुढचं सगळं मी हातभरावरून पाहिलंय. पंच म्हणून सेरा कोच. काझुमा आला तो हात हलवत, फोन धरलेल्या पोरींना दात दाखवत. चांगला पोरगा होता, उगाच नावं ठेवणार नाही. वाकून नमस्कार केला आणि तोमोयाच्या खांद्यावर लाडाने चापट्या मारू लागला.

"खरं खेळ," तोमोया म्हणाला.

"काय काका," काझुमा हसत म्हणाला, "आज कशाला उगाच?"

तोमोयाने त्याच्या बरगडीखाली एक ठेवून दिला. खरा. त्याचा आवाज मी ओळखते, पोतं जमिनीवर टाकल्यासारखा येतो. काझुमाचं हसू गेलं. हॉलमध्ये लोक म्हणाले, वा.

मग पोरगा खेळायला लागला, पहिल्याच ठोशात त्याने तोमोयाची भुवई फोडली. त्याची एक लाथ मांडीवर बसली तशी तोमोया गुडघ्यावर आला आणि अख्खा हॉल 'अरेरे' म्हणाला. म्हटलं, झालं, इथेही तोंडावर पडणार हा. पण तो गुडघ्यावरूनच पुढे घुसला, पोराच्या दोन्ही पायांना मिठी घातली आणि त्याला आडवा केला. काझुमा चपळ, लगेच उलटा होऊन उठायला लागला. तोमोया त्याच्या पाठीवर. इथे तो एरवी घाई करायचा. मला त्याच्या सगळ्या लढती पाठ आहेत, इथेच तो ओढायचा आणि इथेच हरायचा. या वेळी ओढलं नाही. थांबला. शांतपणे थांबला. पोरगा धडपडला, हनुवटी वर आली, आणि तोमोयाचा हात तिच्याखालून सरकला.

काझुमाने सगळं करून पाहिलं. बोटं सोडवायचा प्रयत्न केला, लोळला, पाय झाडले. त्याचं तोंड लाल झालं, मग जांभळं. आणि मग त्याने थोपटलं. तोमोयाच्या हातावर, जोरजोरात. तोमोयाने तत्क्षणी सोडलं.

माझ्या हातातली बाटली पडली. आजवर एकही लढत न हरलेला विजेता, आणि माझ्या भावाने, आमच्या बटाटे सोलणाऱ्या तोमोयाने, त्याला हरवलं होतं.

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेचनात. माझ्या मागे तोमी काकू नाक ओढत म्हणत होत्या, "किती संस्कारी मुलगा आहे हा काझुमा. मोठ्यांचा मान कसा राखला बघ."

मी मागे वळले. "काकू, तो खरा हरलाय."

"हो ग," काकू म्हणाल्या, "किती खरं वाटलं ना?"

सेरा कोचने दोघांचेही हात वर केले, कारण मैत्रीच्या लढतीत दोघांचेही करतात. निवेदकाने काझुमापुढे माइक धरला. पोरगा गळा चोळत होता. "मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "खरंच हरलो. सुटताच येत नव्हतं."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. स्वतः विजेता सांगतोय, आता तरी कळेल.

हॉलमधून असा हुंदका आला की विचारू नका. उपमहापौर शेजारच्याला म्हणाले, "टोकियोत वाढूनसुद्धा ही नम्रता."

"नाही, म्हणजे खरंच," काझुमा म्हणाला. टाळ्या दुप्पट झाल्या. त्याने गोंधळून तोमोयाकडे पाहिलं.

तोमोयाने माइक घेतला. जो माणूस शेठसमोर तीन महिने मनातलं सांगू शकला नव्हता, तो आता अख्ख्या गावासमोर धापा टाकत, स्वच्छ शब्दांत बोलला. "मी निवृत्त होत नाहीये. मला अजून खेळायचंय. आत्ता पाहिलंत ना तुम्ही? मला अजून खेळायचंय."

मागच्या रांगेतून कुणीतरी फुटक्या आवाजात "तोमोया" अशी हाक मारली, आणि मग सगळीकडून हाका सुरू झाल्या. बायका रडत होत्या, पुरुष रडत होते. "बघा, किती जीव आहे खेळात," लोक म्हणत होते. "तरी जातोय." याहून सुंदर निरोपाचं भाषण ताकाओकात आजवर झालं नव्हतं म्हणे.

शेठ धडपडत दोरांमधून आत गेले. त्यांनी तोमोयाला मिठी मारली आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण ते मला ठाऊक होतं. मग त्यांनी हात वर केला आणि दिवे मंद झाले.

पहिला टोल पडला. आवाज चांगला होता, हे मी शत्रूचीही घंटा असती तरी म्हटलं असतं. तो छातीत शिरायचा आणि निघायचाच नाही. पुढचा टोल द्यायला आधीचा विरावा लागतो, आणि ही बाई विरायचं नावच घेत नव्हती. हॉल मान खाली घालून उभा. म्हातारे कारागीर एकेक करून येत, दांडका मारत आणि कान देऊन ऐकत. भट्टीजवळ बोलला होता तो म्हातारा ऐकता ऐकता हसत होता. तोमोया मध्ये उभा राहून त्याच्याकडेच बघत होता. फक्त काझुमाने मान खाली घातली नव्हती. तो कोपऱ्यातून तोमोयाकडे टक लावून बघत होता, एक हात गळ्यावर.

मग दांडका माझ्या हातात आला.

"मी नाही वाजवणार," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं. दुकानात भाव सांगते त्या आवाजात.

"वेळ घ्या, सुमिएबाई," शेठ हळुवारपणे म्हणाले.

"मला वेळ नकोय. तो जिंकलाय. तुम्हाला कुणाला डोळे नाहीत का? जिंकलाय तो."

नोगामी डॉक्टरांना आता उभं राहणंही जमेना. त्यांना खुर्ची दिली. शेठनी माझ्या हातातल्या दांडक्याला हात घातला, प्रेमाने, ओझं हलकं करावं तसा. मी सोडला नाही. आम्ही दोघं एक दांडका धरून उभे, आणि सगळं गाव माना खाली घालून वाट बघतंय.

"ताई." तोमोया दोरांपाशी आला होता. "वाजव."

"अरे, पण तू जिंकलायस."

"माहितीय मला. तुला माहितीय, त्या पोराला माहितीय." त्याच्या भुवईतून रक्त येत होतं आणि तो अगदी शांत होता. "तू नाही वाजवलीस तर शेठ वाजवतील. ज्याला माहीत नाही त्याच्या हातून नको मला."

मी दांडका शेठच्या हातातून ओढून घेतला. मारला तो सगळी ताकद लावून, घंटा फुटली तर फुटू दे म्हणून. फुटली नाही. आमच्या गावचं काम पक्कं असतं. माझ्या खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने रडले, आई गेल्यावर रडले नव्हते तशी. आवाज विरत विरत संपला तेव्हा माझा भाऊ खेळाडू राहिला नव्हता.

दिवे लागले. लोक कामाबोको पिशवीत घालून घेऊ लागले. शेठ माझ्याजवळ आले, अजून घंटेकडे कान लावूनच. "ऐकलंत?" ते म्हणाले. "काय आवाज लागलाय."

"शेठ," मी म्हटलं, "माझा भाऊ आज जिंकला."

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खरं होतं, त्याबद्दल मी शपथ घेऊन सांगेन.

"सुमिएबाई," ते म्हणाले, "आम्हा सगळ्यांच्या मनात तो कायमच जिंकलेला आहे."